बारा सोपी पत्रं

गुरुवारी सकाळी सहा वाजता सांगलीच्या विश्रामबागेतून ‘साठवण’ निघे आणि साडेआठपर्यंत अडुसष्ट हजार घरांत वाचून होई. कुणी वाचलं, कुणी नाही, हे विचारावं लागत नसे. पत्रालाच ते कळे. वाचणारी कुठे थांबली, कुठली ओळ दोनदा वाचली, दूध उतू गेलं म्हणून कुठे उठली आणि किती वेळाने परत आली, हे सगळं हातातल्या पाटीला दिसे. पाटी म्हणजे पुठ्ठ्याएवढा पातळ पडदा. तो प्रत्येकाकडे असे, आणि आपण वाचत असताना तोही आपल्याकडे बघत असतो, याचं २०४७ साली कुणाला नवल राहिलं नव्हतं. माणसांना नवल वाटेनासं झालं की समजावं, काहीतरी हातचं गेलं आहे.

‘साठवण’ लिहीत रोहिणी तोडकर. वय बासष्ट, एका शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पत्राचे विषय म्हणजे कुरडया, सांडगे, मेतकूट, भोकराचं लोणचं, मुरंबे. ह्या कृती यंत्रांना ठाऊक होत्याच, विचारलं तर एका दमात शंभर सांगत. पण यंत्रांचं वाचून वाचून लोक इतके विटले होते, की कुणीतरी माणसाने, आपलं नाव खाली घालून लिहिलेलं पत्र त्यांना हवं असे. हवं असे, पण फुकट. पहिल्या तीन वर्षांत रोहिणीबाईंना वर्गणीदार मिळाले चारशे बारा, आणि त्यातले निम्मे नात्यातले. पेन्शन तुटपुंजी होती. पत्र बंद करावं, असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं.

तेवढ्यात ‘पत्रवाट’ नावाची कंपनी आली. “तुम्ही फक्त लिहा,” कंपनीचा माणूस म्हणाला. “पाठवायचं काम आमचं. वाचकाला एक पैसा पडणार नाही, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचणाऱ्या दर वाचकामागे आम्ही तुम्हाला मोबदला देऊ.” करार एकवीस पानांचा होता. रोहिणीबाईंनी पहिलं पान वाचलं आणि शेवटच्या पानावर अंगठा टेकवला. ‘अगं, प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा’ म्हणून आयुष्यभर मुलींवर ओरडलेल्या बाईंनी हे केलं. जाहिराती दाखवत असतील, असं त्यांना वाटलं. पत्रात जाहिरात एकही येईना, तेव्हा तरी शंका यायला हवी होती. पण महिन्याच्या एक तारखेला पैसे येत होते, आणि येणाऱ्या पैशाला कोण जाब विचारतं?

वाचक वाढवायची युक्ती मात्र बाईंची स्वतःची. ती कुठल्या कंपनीच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. संक्रांत तोंडावर होती. त्यांनी लिहिलं, ‘यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या गाळण्या आणि डब्या पुरे झाल्या. त्याऐवजी पाच जणींना “साठवण” लुटा.’ वाणाला नाही म्हणायचं नसतं. घरात सहा गाळण्या असल्या तरी सातवी आपण पदर पुढे करून घेतो. तशाच बायकांनी हसत पाटीवरच्या ‘स्वीकारलं’वर बोटं टेकवली. त्याखालची बारीक अक्षरं वाचत बसणं म्हणजे वाण देणारीला त्याची किंमत विचारण्यासारखं झालं असतं. पाचांनी पुढच्या वर्षी पाचांना लुटलं. तीन संक्रांतींत चारशे बाराचे अडुसष्ट हजार झाले.

रोहिणीबाईंनी स्वतः पहिलं वाण दिलं ते विभावरीला. चौथीपासूनची मैत्रीण. कुरडयांची मूळ कृतीसुद्धा विभावरीच्या आईची.

मार्चमध्ये एका दुपारी विभावरीचा फोन आला.

“रोहिणी, वेळ आहे का गं? एक कागद आलाय, मला काही अर्थ लागेना.”

“कसला कागद?”

“सहनिवासाचा. मला जागा नाही म्हणतात.”

सहनिवास म्हणजे एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची सोय. घरंही तिथेच, दवाखानाही तिथेच. विभावरीचा नवरा मिलिंद अर्धांगवायू झाल्यापासून, म्हणजे आठ महिने, तासगाव रस्त्यावरच्या अशाच एका सहनिवासात होता. जोडीदाराला तिथे सोबत राहता येई. अट एकच होती, जोडीदाराने सोबत करण्याजोगं असलं पाहिजे. औषधांच्या वेळा पाळणारं, अडीअडचणीला मदतीची कळ दाबणारं. विभावरी सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांची औषधं काढून ठेवणारी बाई. तिला कोण नाही म्हणणार, असं धरूनच तिने भाड्याचं घर सोडायची नोटीस दिली होती.

“वाच बघू काय लिहिलंय ते.”

“‘वाचनठसा, पायरी तिसरी. आधार, साप्ताहिक पत्र, मराठी, दोनशे बहात्तर अंक.’ वाचनठसा म्हणजे काय असतं गं?”

रोहिणीबाईंना वाचनठसा ठाऊक नव्हता. पण मराठीत दोनशे बहात्तर अंक निघालेलं साप्ताहिक पत्र कुठलं, ते मात्र ठाऊक होतं. त्या आठवड्याच्या अंकावर त्यांनीच तो आकडा घातला होता.

“बघते मी,” त्या म्हणाल्या. “चूक असेल कुणाची तरी.”

“असंल. पण मिलिंदला काय सांगू? तो रोज विचारतो, कधी येतीस म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोहिणीबाई मिरजेला गेल्या. तिथल्या मेंदूविज्ञान संस्थेत डॉ. अथर्व हिरेमठ होता. सहावीत त्यांच्या हाताखाली काजं-बटणं शिकलेला, आता चाळिशीचा, केस विरळ झालेला शास्त्रज्ञ. ‘वाचनठसा’ हा शब्द ऐकून त्याने दार लावून घेतलं.

“तो शब्द माझाच आहे, बाई. शोधही माझा.”

“मग समजावून सांग. मी विज्ञानातली आहे, पण गृहविज्ञानातली. त्या बेताने सांग.”

“आपण वाचतो तेव्हा डोळा ओळीवरून सरकत नाही. उड्या मारतो. थांबतो, पुढे जातो आणि मधेच मागे येतो. हे मागे येणं फार मोलाचं.”

“मागे कशाला येतो?”

“खात्री करायला. तुमचीच कुरडयांची कृती घ्या. तुम्ही लिहिता, ‘आधणाला पाणी तेवढंच ठेवा, जेवढा काल चीक मोजला.’ इथे वाचणारीचा डोळा झटकन वर जातो. काल किती मोजला होता? चार वाट्या. मग परत खाली. अर्ध्या सेकंदाचं काम, तिला पत्ताही नसतो. ही जायची-यायची लय प्रत्येकाची निराळी, बोटाच्या ठशासारखी. म्हणून वाचनठसा.”

“बरं. मग?”

“स्मृतिभ्रंश उघड दिसायच्या चार-पाच वर्षं आधी ही लय बदलते. पहिल्या पायरीला माणूस फार वेळा मागे जातो. दुसऱ्या पायरीला मागे जातो, पण हवी ती ओळ त्याला सापडत नाही. तिसऱ्या पायरीला मागे जाणंच थांबतं. आपलं काही निसटलंय, हेच मनाला जाणवत नाही. सरळ वाचत जातो. बघणाऱ्याला वाटावं, काय छान वाचतोय.”

“आणि त्यासाठी माझंच पत्र सापडलं का रे? दुनियेत वाचायला काय कमी आहे?”

“बातम्या लोक वरवर चाळतात, त्यात ठसा उमटत नाही. यंत्राचं लिखाण दर वेळी वेगळ्या वळणाचं, त्यात तुलना होत नाही. ठशाला एकाच माणसाचं लिखाण लागतं, नेमाने येणारं, आवडीने सावकाश वाचलेलं, आणि ज्यात मागचं ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचं कळत नाही असं. बाई, मराठीत याहून चांगलं मोजमाप आमच्याकडे नाही. ताप मोजायला थर्मामीटर, तसं हे मोजायला ‘साठवण’.”

म्हणजे मोबदला लिखाणाचा नव्हताच. बायकांचं मन कुठे झिजलंय, ते बघू दिल्याचा होता.

“आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय,” रोहिणीबाई म्हणाल्या. “मीच ती आंधळी.”

अथर्व मान खाली घालून बसला. “मी हे काढलं तेव्हा वाटलं होतं, माणसाला चार वर्षं आधी कळेल. कामं उरकेल, माणसांना भेटेल. औषध आहे, पण ते थोडं लांबवतं, बरं करत नाही. कळलं ते मात्र विमावाल्यांना आणि सहनिवासांना. कंपनीने ज्याला विकायचं त्याला विकलं.”

“विभाचं चूक आहे. ती मागे जात नाही, कारण तिला सगळं पाठ आहे. ती कृती तिच्या आईची आहे!”

“असेलही. मागे न जाणं यंत्राला दिसतं. का गेली नाही, ते दिसत नाही.”

“मग मी पत्र बंद करते.”

“बंद केलंत तर शेवटचा ठसा कायमचा राहतो. विभाकाकूंनी एकट्यांनी सोडलं तर आणखी वाईट. ज्याला भीती वाटते तोच वाचणं सोडतो, असं धरतात.” त्याने पाटी पुढे सरकवली. “नोंद अजून कच्ची आहे, पुढच्या बारा पत्रांचा ठसा बघून ती पक्की करतात. तेवढीच एक आशा. आणि लेखक म्हणून तुम्हाला ठसा बिघडलेल्या वाचकांची यादी बघायचा हक्क आहे. करारात पान चौदावर.”

यादीत दोन हजार नऊशे चौदा नावं होती. रोहिणीबाईंनी ती बघितली आणि लगेच पश्चात्ताप केला. इचलकरंजीच्या त्या बाई, दर गुरुवारी उत्तर लिहिणाऱ्या. मेलबर्नची ती, जिने बाल्कनीत सांडगे वाळवल्याचा फोटो पाठवला होता. त्यांची स्वतःची धाकटी नणंद. ह्या सगळ्यांना कळवायचं? काय म्हणून? ‘स. न. वि. वि., तुमचं मन जाणार आहे, उपाय नाही’? आणि न कळवावं, तर आपल्यालाच ठाऊक असलेलं ओझं घेऊन दर गुरुवारी त्यांना मेतकुटाचं प्रमाण सांगायचं? त्यांना यातलं एकही जमेना. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या.

पण शिक्षिकेचं डोकं रडताना सुद्धा चालू असतं. पंचवीस वर्षं त्यांनी पेपर काढले होते, आणि वर्गात एखादी कच्ची, गरिबाघरची मुलगी असली की त्या पेपर सोपा काढत. हुशार मुलींचं त्यात काही बिघडत नसे आणि कच्ची तरून जाई. आजवर त्यांच्या हाताखाली एकही मुलगी नापास झाली नव्हती. आत्ताही तेच करायचं. जे वाचताना कुणालाच मागे जावं लागणार नाही, असं पत्र लिहायचं. मग कोण मागे जातं आणि कोण नाही, हे कळणार कसं? बारा पत्रं. विभावरी बाराव्या पत्रानंतर मिलिंदजवळ राहायला जाईल. अथर्वला त्यांनी हे विचारलं नाही. पेपर सोपा काढताना त्यांनी कधी हेडमास्तरांनाही विचारलं नव्हतं.

विभावरीला त्यांनी एवढंच सांगितलं, “तीन महिने थांब. दर गुरुवारी पत्र वाचत राहा, चुकवू नकोस.”

“तुझं पत्र मी कधी चुकवलंय?” विभावरी म्हणाली. घरमालकाच्या विनवण्या करून तिने मुदत वाढवून घेतली.

सोपं लिहिणं फार अवघड निघालं. ‘कालचा’, ‘तो’, ‘तेवढाच’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे सगळे शब्द काढून टाकावे लागले. एका वाक्याने दुसऱ्याचा हात धरायचा नाही, प्रत्येकाने आपापलं उभं राहायचं. ‘गहू चांगले निवडावेत. उन्हात बसायला बरं वाटतं. कुरडई पांढरीशुभ्र हवी. आईच्या हाताला चव होती.’ पहिलं पत्र लिहून रोहिणीबाईंनी वाचलं, तर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. असलं उत्तर कुणी पेपरात लिहिलं असतं, तर दहापैकी दोन दिले असते.

वाचकांना मात्र ते आवडलं. आवडलं म्हणजे काय, डोक्यावर घेतलं. ‘हल्ली किती छान लिहिता!’ ‘एका घोटात वाचून होतं.’ ‘पूर्वी मधेच राहून जायचं, आता शेवटपर्यंत वाचते.’ शेवटच्या ओळीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण चढत चढत शंभरात शहाण्णववर गेलं. ‘पत्रवाट’ने अभिनंदनाचा निरोप धाडला आणि एक तारखेचा आकडा दुप्पट झाला. रोहिणीबाईंनी त्या पैशांना हात लावला नाही. विभावरी जायच्या दिवशी तिला काहीतरी घ्यावं, एवढाच त्यांचा विचार होता.

बाराव्या पत्रानंतरच्या सोमवारी अथर्व स्वतः घरी आला. चपला काढतानाच तो म्हणाला, “बाई, तुम्ही लिखाण बदललंत?”

“बदललं. विभासाठी. का?”

“मला विचारायचं होतंत.” तो खुर्चीत बसला तो बसलाच. “पत्राने मागे जायला सांगितलं नाही म्हणून वाचणारी मागे गेली नाही, की तिच्यात मागे जाण्याची शक्तीच उरली नाही, हे यंत्राला वेगळं काढता येत नाही. त्याला एवढंच दिसतं, की ही सरळ वाचत गेली. तिसरी पायरी म्हणजे दुसरं काय?”

“किती जणी?” रोहिणीबाईंनी विचारलं.

“एकसष्ट हजार,” अथर्व म्हणाला. “अडुसष्टातल्या एकसष्ट हजार बायका काल संध्याकाळपासून तिसऱ्या पायरीवर आहेत. विभाकाकूंच्या नावापुढे ‘पुष्टी झाली’ असं आलंय.”

“अरे, पण त्या धडधाकट आहेत! मी पुन्हा अवघड लिहिते. ह्याच गुरुवारपासून लिहिते. पुढच्या बारा पत्रांत सगळं जागेवर येईल.”

“येणार नाही. रोग मागे फिरत नाही, म्हणून बारा पत्रांनी पक्की झालेली नोंदही मागे फिरत नाही. त्यानंतर कुणाचा ठसा सुधारलेला दिसला, तर तो लबाडी म्हणून धरतात. नियम माझ्याच अहवालात आहे. तो लिहिला तेव्हा मला फार शहाणपणाचा वाटला होता.”

“मग त्यांनी सिद्ध कसं करायचं, की आपण बऱ्या आहोत?”

“दुसरं काहीतरी, एकाच माणसाचं, नेमाने, वर्षानुवर्षं मन लावून वाचून.” अथर्वने डोळे पुसले. “तसं त्या दुसरं काहीच वाचत नाहीत, बाई. तुमचंच वाचतात.”

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती, असं शेजारणीने म्हटलं असतं. पण इथे हसायला कुणी नव्हतं. एकसष्ट हजार बायकांना आता विमा मिळणार नव्हता, सहनिवासात जागा मिळणार नव्हती. कुणाच्या सह्या बँक मानणार नव्हती, कुणाचा मुलगा कागद दाखवून घर नावावर करून मागणार होता. आणि यातल्या प्रत्येकीला ‘साठवण’ तिच्या बहिणीने, मैत्रिणीने, सुनेने प्रेमाने दिली होती. रोहिणीबाईंना आपण मरून जावं असं वाटलं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्या विभावरीकडे गेल्या. ती पोहे निवडत बसली होती. सहनिवासाचा दुसरा कागद टेबलावर घडी करून ठेवलेला होता. त्यात लिहिलं होतं, की अर्ज कायमचा निकाली काढला आहे. रविवारी दुपारी दोन ते चार ह्या वेळेत भेटता येईल.

रोहिणीबाईंनी सगळं सांगितलं. करार, ठसा, यादी, बारा पत्रं, काही लपवलं नाही. विभावरी ऐकत होती, मधूनच पोह्यांतलं तूस बाजूला काढत होती.

“विभा, बोल की काहीतरी. शिव्या तरी दे.”

“तुला कशाला शिव्या देऊ?” विभावरी म्हणाली. “तू माझ्यासाठीच केलंस. मिलिंदला मी रविवारी सांगीन. तो रडेल. आता लगेच रडू येतं त्याला.” तिने पोहे बाजूला सरकवले. “पण एक सांगू? तुझी आधीची पत्रं मला जड जायला लागली होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ही आत्ताची सुरेख आहेत. वाचताना काही ध्यानात धरावं लागत नाही. अशीच लिहीत जा गं.”

रोहिणीबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुरडयांचे गहू किती दिवस भिजवायची गं तुझी आई?”

विभावरी हसली. “ते तुला माहीत. तू लिहिशील की पत्रात.”

हा आजार होता, की बारा आठवडे काहीच ध्यानात धरायची गरज न पडल्याने आलेला आळस? की नवऱ्यापासून तुटलेल्या बाईचं कशातच नसलेलं लक्ष? रस्त्यावर येऊन रोहिणीबाईंनी अथर्वला फोन लावला आणि हाच प्रश्न विचारला. ओरडूनच विचारला.

“आता नाही सांगता येणार,” तो म्हणाला. “ते सांगू शकेल असं एकच साधन होतं, तुमचं जुनं पत्र. आणि एकदा नोंद पक्की झाली की ते त्यांच्यावर पुन्हा लावता येत नाही.”

बुधवारी दुपारी रोहिणीबाई लिहायला बसल्या. खरं ते सगळं लिहावं, असं त्यांनी ठरवलं होतं. बायकांनो, तुमच्याबाबतीत हे असं झालं आहे आणि ते मी केलं आहे. दोन ओळी लिहूनही झाल्या. मग त्यांना वाटलं, हे समजायला त्यांना करार समजावा लागेल, करार समजायला ठसा, ठसा समजायला बारा पत्रं. प्रत्येक ओळीला मागची ओळ धरून ठेवावी लागेल. ज्यांना ते जमणार नाही, त्यांना नुसती भीती कळेल, कारण कळणार नाही. आणि ज्यांना जमेल, त्यांचा ठसा सुधारलेला दिसेल, म्हणजे त्या लबाड ठरतील. त्यांनी दोन्ही ओळी पुसल्या. विभावरीने जे मागितलं होतं, तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

गुरुवारी सकाळी सहा वाजता तेरावं सोपं पत्र निघालं. साडेआठपर्यंत ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झालं. मागे कुणीच गेलं नाही.